कोरडं राहिलेलं नाक

(चर्चमध्ये व्यासपीठामागे बाप्तिस्म्याचा खोल हौद. नळ चालू. पाळक हौदात उभे, अंगात पांढरा झगा. काठावर प्लंबर.)

पाळक: काका, पाय निघत नाहीये.

प्लंबर: कुठला?

पाळक: डावा. खाली काहीतरी आहे. बूट आत गेलाय.

प्लंबर: निचऱ्याच्या भोकात गेला असेल. जाळी मी काढून ठेवलीय.

पाळक: काढून ठेवलीय? का?

प्लंबर: घासायला. सांगणारच होतो. तुम्ही एकदम रागाने वळलात.

पाळक: तुम्ही जे बोललात ते ऐकून कुणीही वळला असता. आधी ते पाणी बंद करा.

प्लंबर: आधी हो म्हणा.

पाळक: काका, तुम्ही मला म्हणालात, रविवारी बाप्तिस्मे आहेत, पाणी कुठवर येतं ते बघायचंय, एकदा उतरून दाखवा. मी ही अख्खी रबरी विजार चढवली, वर झगा घातला, उतरलो. आणि उतरल्यावर तुम्ही सांगता की...

प्लंबर: की बायको येतेय. वाटेतच आहे. दवाखान्यात दाखल व्हायचंय तिला, जाता जाता इथे पाच मिनिटं. तुम्ही तिला धरायचं, मागे झुकवायचं, नाक बुडेपर्यंत, आणि वर काढायचं. मी टॉवेल घेऊन उभा आहे. यात अवघड काय आहे?

पाळक: मावशींचा बाप्तिस्मा झालेला आहे. मंडळीत सगळ्यांना माहीत आहे. दुसऱ्यांदा देत नाहीत.

प्लंबर: दुसरा कोण मागतंय? पहिलाच पुरा करायचा. उरलाय तेवढा.

पाळक: बाप्तिस्मा उरत नसतो.

प्लंबर: तिचा उरलाय. नाक उरलंय.

पाळक: ते मी ऐकलंय. गमतीची गोष्ट म्हणून सांगतात सगळे.

प्लंबर: गमतीचीच होती. इतकी वर्षं मीही हसलो. आता तिच्या हृदयाची झडप गळतेय साहेब, उद्या सकाळी छाती उघडणार, आणि मला हसू येईना झालंय. तुम्ही नवीन, तुम्हाला अर्धवट सांगितलं असेल. मी पुरं सांगतो. तुम्हाला कुठे जायचं नाहीये.

पाळक: पाणी बंद करून सांगा.

प्लंबर: नुकतंच लग्न झालेलं. हिनं ठरवलं बाप्तिस्मा घ्यायचा. मी तेव्हा धंद्यात नवा, थोरल्या पाळकसाहेबांना म्हटलं, हौद मी तयार करतो, बायकोचं काम आहे. बुचाला वॉशर टाकला. घाईत टाकला. बरोबरच्या मापाचा नव्हता, जवळपासच्या मापाचा होता.

पाळक: बरं.

प्लंबर: त्या दिवशी बरीच माणसं होती, आणि ही रांगेत सगळ्यात शेवटी. थोरले पाळक प्रत्येकाला वेगळी प्रार्थना म्हणायचे, लांबलचक. तिकडे प्रार्थना, इकडे वॉशर गळतोय. हिची पाळी आली तेव्हा हौदात पाणी घोट्याच्या वर, गुडघ्याच्या खाली. थोरल्यांनी हिला आडवी केली. पाठ भिजली, कान भिजले. नाक वर. पोट वर. मग त्यांनी बागेतलं झाडांना पाणी घालायचं टमरेल मागवलं आणि नाकावर ओतलं. हिला शिंक आली. ते त्या शिंकेवरच आमेन म्हणाले.

पाळक: मग झाला ना बाप्तिस्मा.

प्लंबर: टमरेलाने? आपल्या मंडळीत? बाहेर पाटीवर लिहिलंय तुम्ही, पूर्ण बुडवून. टमरेलवाली म्हणायच्या बायका तिला. बरीच वर्षं म्हणायच्या.

पाळक: काका, पाणी मांडीपर्यंत आलंय. नीट ऐका माझं. पाण्यानं तारण होत नाही. पाणी ही खूण आहे. तारण विश्वासानं होतं, देवाच्या कृपेनं, फुकट. मावशींचा विश्वास आहे ना?

प्लंबर: तिचा? तिचा इतका आहे की घरात माझा ठेवायला जागा उरली नाही.

पाळक: मग झालं. तुमच्या वॉशरमुळे त्यांचं काहीही बिघडलेलं नाही. तुमचं काम बरं की वाईट, यावर तारण ठरत नाही.

प्लंबर: थांबा. नक्की ना? माझं काम वर धरत नाहीत?

पाळक: तारणासाठी नाही धरत.

प्लंबर: म्हणजे नाक सुटलं.

पाळक: सुटलं!

प्लंबर: आणि पन्हळ?

पाळक: कसली पन्हळ?

प्लंबर: छपराची. तुमच्या छपराची अख्खी पन्हळ मी बदलली. बॉयलर बदलला. संडासाच्या टाक्या दोनदा. छपरावरून पडलो तेव्हा कॉलरबोन मोडलं, ते प्लास्टर घेऊन आतले नळ केले. दर शनिवारी येतो मी इथे, त्या वॉशरपासून आजपर्यंत. तुम्हाला काय वाटलं, मला तुमची पन्हळ आवडते?

पाळक: फार चांगलं काम केलंत तुम्ही, पण...

प्लंबर: पण धरत नाहीत.

पाळक: त्याच्या बदल्यात तारण मिळत नाही. कुणालाच नाही. मलाही नाही.

प्लंबर: म्हणजे वॉशर माफ आणि पन्हळ फुकट. एकाच वाक्यात.

पाळक: असं म्हणायचं नव्हतं मला...

प्लंबर: मी तिचं नाक फेडत होतो साहेब! एवढी वर्षं! मला वाटायचं वर कुणीतरी बघत असेल, म्हणत असेल, चला, आज बॉयलर झाला, आता नाकाचं टोकच राहिलं. आणि तुम्ही पाण्यात उभं राहून सांगताय, कुणी बघतच नव्हतं.

पाळक: बघत होता. बघतो. पण फेडून घेत नाही.

प्लंबर: मग मी पन्हळ काढून नेतो. नळही नेतो. रविवारी बसा विश्वास धरून, छपरातून काय येतं बघा.

पाळक: वधस्तंभावर शेजारी एक चोर होता, आठवतोय? त्यानं काय केलं होतं? एकही चांगलं काम नाही. बाप्तिस्मा नाही. नाक तर सोडाच, पायाचा अंगठासुद्धा भिजला नव्हता. नुसता शेवटच्या घटकेला विश्वास ठेवला, आणि गेला स्वर्गात.

प्लंबर: त्याचे हात खिळलेले होते.

पाळक: हो, पण...

प्लंबर: माझे मोकळे आहेत. त्याला कुणी विचारलं असतं, काही का केलं नाहीस, तर तो हात दाखवू शकला असता. मी काय दाखवू? सकाळी उठलो की हे हात असतात, साहेब. बायको पलंगावर धापा टाकत बसलेली असते आणि हे दोन हात असतात. त्यांचं काय करायचं ते तुमच्या प्रवचनात कधी येत नाही. डॉक्टरनं मला चित्र काढून दाखवलं. झडप नीट मिटत नाही, रक्त मागे गळतं. मी म्हटलं, वॉशर गेलाय. तो म्हणाला, साधारण तसंच. सगळ्या जगाच्या झडपा मी बसवतो, आणि ही एक, तिला मला हातही लावता येत नाही. मग मला आठवलं, एक काम आहे जे अर्धं सोडलंय. म्हणून आज हौद. समजलं?

पाळक: समजलं. खरंच समजलं. पण तुम्ही स्वतः? तुमचा तर बाप्तिस्मा झालेलाच नाही.

प्लंबर: नाही.

पाळक: इतकी वर्षं इथे राबताय आणि...

प्लंबर: तिचा माझ्यामुळे अर्धा राहिला. मी माझा पुरा करून घेऊ? वर एकटा जाऊन काय सांगू, बायको मागे आहे, नाकात अडकलीय?

पाळक: काका. कंबर.

प्लंबर: काय कंबर?

पाळक: पाणी कंबरेला लागलं. आणि हे रबर पायाला आवळतंय. बंद करा, मी विनंती करतो. मग आपण मावशी आल्या की त्यांनाच विचारू.

प्लंबर: विचारायचं? तिला?

पाळक: बाप्तिस्मा त्यांचा आहे.

प्लंबर: ...बरं. करतो बंद. तुमच्या बोलण्यानं नाही, कंबरेकडे बघून.

पाळक: आभारी आहे.

प्लंबर: साहेब.

पाळक: काय?

प्लंबर: चाक हातात आलं.

पाळक: कसलं चाक?

प्लंबर: व्हॉल्व्हचं. हे बघा. आतला दांडा मोडला. मंडळीनं स्वस्तातला आणून दिला होता, मी तेव्हाच म्हटलं होतं.

पाळक: पाणी चालूच आहे.

प्लंबर: चालू राहणार. बाहेर अंगणात मेन व्हॉल्व्ह आहे, तो बंद करायला हवा.

पाळक: मग जा ना! धावा!

प्लंबर: दाराला कुलूप आहे.

पाळक: उघडा!

प्लंबर: किल्ली बाहेर आहे. तुम्ही पळून जाल म्हणून मी आतून कुलूप लावलं, आणि माझंच मन बदलेल म्हणून किल्ली दाराखालून पायपुसण्यावर सरकवली. तिला सांगून ठेवलंय, पायपुसण्याखाली बघ.

पाळक: हे सगळं तुम्ही शुद्धीत असताना ठरवलंत?

प्लंबर: ठरवताना चांगलं वाटलं होतं.

पाळक: खिडक्या?

प्लंबर: जाळ्या. मीच बसवल्यात. पक्क्या आहेत.

पाळक: देवा.

प्लंबर: घाबरू नका. छातीच्या वर पाणी जात नाही. तिथे जादा पाण्याचा पाइप आहे, बाहेर बागेत निघतो. तोही मीच...

पाळक: तेच ऐकून भीती वाटतेय.

प्लंबर: तो चांगला आहे. तो वॉशरनंतरचा आहे.

पाळक: काका, तो पाइप... तो चालणार नाही.

प्लंबर: का?

पाळक: वारा सुटला की त्यातून शिट्टी वाजायची. ऐन प्रवचनात. लोक हसायचे. म्हणून मी त्यात कागद कोंबले.

प्लंबर: किती?

पाळक: जुनी प्रवचनं. घट्ट.

प्लंबर: काय विषय होता?

पाळक: विषयाचं काय आत्ता!

प्लंबर: सहज.

पाळक: केवळ विश्वासाने तारण. तीन भागांत.

प्लंबर: तीन भाग म्हणजे पाइप गेलाच. थांबा, तारेनं बघतो. नाही. दगड झालाय लगद्याचा. साहेब, आता हौदाला दोनच बुचं आहेत, एक तुमचं प्रवचन आणि एक तुमचा पाय. पाय काढलात की सगळं वाहून जाईल.

पाळक: निघत असता तर काढला नसता का!

प्लंबर: मग बूट राहू दे, तुम्ही निघा. विजारीतून बाहेर या. बूट विजारीलाच जोडलेत, विजार राहील खाली, तुम्ही वर.

पाळक: ते जमणार नाही.

प्लंबर: का?

पाळक: आत फक्त चड्डी आहे.

प्लंबर: मग?

पाळक: लेकीनं वाढदिवसाला दिलीय. चड्डीवर बदकं आहेत. मावशी येताहेत. मंडळीतलं कुणीही येऊ शकतं.

प्लंबर: पाणी बरगडीला लागलंय आणि तुम्ही बदकं लपवताय.

पाळक: शिवाय आता निघतही नाही. प्रयत्न केला मी. पाण्यानं रबर चिकटलंय अंगाला.

प्लंबर: गप. गाडी थांबली बाहेर. तीच आहे. अगं! पायपुसण्याखाली! किल्ली!

बायको: ऐकू आलं, ओरडताय काय? धाकटी लेक गाडीत बसलीय, तिलाही ऐकू गेलं. आणि पायपुसण्याखाली नाहीये, वरच पडलीय. हे काय... अगंबाई, साहेब, पोहताय?

पाळक: नाही, मावशी.

प्लंबर: तू इथे बस, हालू नकोस, जिना चढू नकोस, कशाला हात लावू नकोस. मी मेन बंद करून आलो.

बायको: अहो, पण झालंय काय? गेले. साहेब, काय झालंय?

पाळक: माझा पाय अडकलाय. काकांचं चाक मोडलंय. आणि काकांना वाटतं, तुमचं नाक कोरडं राहिलं.

बायको: माझं नाक? अजून?

पाळक: हे गमतीचं नाही मावशी. तुमचा बाप्तिस्मा आज पुरा करून घ्यायचा होता त्यांना, ऑपरेशनच्या आधी. इतकी वर्षं ते इथे शनिवारी येतात, पन्हळ, बॉयलर, ते सगळं तुमच्या नाकासाठी. फेडत होते.

बायको: कोण, हे?

पाळक: आत्ताच म्हणाले.

बायको: दर शनिवारी?

पाळक: हो.

बायको: मला वाटायचं, मला टाळतात.

पाळक: तुम्हाला?

बायको: शनिवारीच दोघांना सुट्टी असायची. मी खुर्च्या बाहेर काढून ठेवायची, दोन. हे चहा उभ्यानेच पिऊन पिशवी उचलायचे. मनात म्हणायची, घरात बसवत नाही माणसाला, माझं तोंड बघवत नसेल. पुढे एकच खुर्ची काढायला लागले. आणि हा बाबा इथे माझं नाक फेडतोय?

पाळक: त्यांना वाटलं, बिघाड त्यांनी केला, तर दुरुस्त त्यांनीच करायला हवा.

बायको: तुम्ही काय सांगितलंत?

पाळक: मी म्हटलं, कामांनी तारण होत नाही.

बायको: खरं आहे ते. आणि?

पाळक: आणि काय?

बायको: मी आजारी पडल्यापासून तुम्ही घरी आला नाहीत साहेब. भाजीवाला येऊन गेला. समोरची, जिच्याशी मी बोलत नाही, ती येऊन गेली. तुमचा मेसेज आला, प्रार्थनेत आठवण करतो.

पाळक: केली होती. रोज.

बायको: माहीत आहे. खोटं नाही म्हणत मी.

पाळक: मावशी, मला... आजारी माणसाच्या खोलीत गेलो की काय बोलायचं सुचत नाही. व्यासपीठावर सुचतं. खोलीत गेलो की वाटतं, हे सगळे माझ्या तोंडाकडे बघताहेत, आणि माझ्याकडे काही नाही. मग मी जातच नाही.

बायको: अरे लेकरा, बोलायला कोण बोलावतंय तुला? येऊन बसायचं.

प्लंबर: झालं बंद! थांबलं का?

पाळक: थांबलं. काखेखाली थांबलं.

प्लंबर: आता पाय. येतो मी आत.

बायको: अहो, कपड्यांसकट? दवाखान्यात जायचंय! धाकटी हॉर्न मारतेय!

प्लंबर: मारू दे. साहेब, हलू नका. मी खाली जाऊन बूट धरून ओढतो.

पाळक: पाणी फार गार आहे, काका.

प्लंबर: बॉयलर तुम्ही लावत नाही म्हणून.

बायको: गेले खाली. अख्खे. साहेब, किती वेळ राहतील?

पाळक: ओढताहेत. पायाला जाणवतंय. मावशी, तुम्ही बसा, उभ्या राहू नका.

बायको: बसवत नाही. हे कधी पाण्याखाली गेलेले मी बघितले नाहीत. आले!

प्लंबर: नाही... नाही निघत. घट्ट बसलाय.

बायको: श्वास घ्या आधी.

प्लंबर: घेतला. साहेब, मी आता अख्खा बुडालो. नाकासकट. हे धरतात का?

पाळक: नाही.

प्लंबर: विचारून ठेवलं.

बायको: अहो, चला आता, डॉक्टर वाट बघताहेत.

प्लंबर: यांना असं सोडून? साहेब, ऐका. बाहेरून पाणी दाबतंय, आत हवा आहे, म्हणून रबर सोडत नाही. आत पाणी येऊ द्यायला हवं. आत बाहेर सारखं झालं की सुटतं.

पाळक: म्हणजे पूर्ण भिजायचं.

प्लंबर: पूर्ण. पट्टे सोडतो मी. वरची कड खाली ओढतो, तुम्ही मागे झुका. डोकं जाईल पाण्यात एकदा. मी धरतो.

पाळक: मला पोहता येत नाही काका.

प्लंबर: लोकांना झुकवता तेव्हा काय सांगता त्यांना?

पाळक: सांगतो, श्वास रोखा. अंग सैल सोडा. ताठ राहू नका, ताठ राहिलात की जड होता.

प्लंबर: मग? सोडा.

पाळक: तुम्ही नक्की धरलंय?

प्लंबर: एक हात मानेखाली, एक पाठीखाली. हात मोकळेच आहेत माझे.

पाळक: मावशी, तुम्ही जरा तिकडे बघा.

बायको: बघितलं तिकडे.

प्लंबर: रोखा श्वास. हं. सोडा. सोडा अंग. ...सुटला! सुटला पाय! वर या, वर! खोका, खोकून टाका.

पाळक: आलो. आलो मी बाहेर? पाय... दोन्ही आहेत.

बायको: बदकं छान आहेत हो.

पाळक: तुम्ही तिकडे बघत होतात!

बायको: तिकडे काच आहे. आणि लाजता काय, बदकंच आहेत, पाण्यातच असायची. हा घ्या टॉवेल, माझ्यासाठी आणलेला दिसतोय.

प्लंबर: अगं.

बायको: काय?

प्लंबर: हौद भरलाय. बघ. विजार अडकलीय तिथे, थेंब जात नाही. एवढा कधीच भरला नव्हता.

बायको: दिसतंय.

प्लंबर: दोन पायऱ्या आहेत. मी धरतो, साहेब धरतील. एका क्षणाचं काम आहे. मग मला... मग उद्या ते तुला आत नेतील तेव्हा मला बाहेर उभं राहता येईल.

बायको: साहेब, त्या दिवशी टमरेल ओतल्यावर थोरले पाळक माझ्या कानात काय म्हणाले, यांनी सांगितलं का तुम्हाला?

पाळक: नाही.

प्लंबर: काय म्हणाले? मला कधी बोलली नाहीस.

बायको: तुम्ही कधी विचारलंत? वॉशर शोधत होतात तुम्ही तेव्हा, गुडघ्यावर. ते म्हणाले, उरलेलं देव बघून घेईल.

प्लंबर: उरलेलं म्हणजे?

बायको: जे काय उरलं असेल ते. मी घरी आले ती मोकळी होऊन आले. उरलेल्याची काळजी मी त्या दिवसापासून केली नाही. ती तुम्ही करत बसलात, शनिवार शनिवार, मला न सांगता.

प्लंबर: माझं काम खराब झालं होतं गं.

बायको: झालं होतं. मग?

प्लंबर: मग काही न करता ते माफ कसं होईल?

बायको: उद्या मी काय करणार आहे, ठाऊक आहे? काही नाही. मी डॉक्टरला विचारलं, मी काय मदत करू? तो म्हणाला, बाई, तुम्ही मदत केलीत तर पंचाईत होईल. झोपायचं. छाती त्याच्या हातात द्यायची आणि झोपायचं. तुम्हाला एक सांगू? भीती त्याचीच वाटतेय. दुखण्याची नाही. काही न करण्याची.

प्लंबर: आणि मग?

बायको: मग परवापासून चालायला लावणार. रोज. रडले तरी चालवणार म्हणाला. मी म्हटलं, चालल्यानं झडप नीट बसते का? तर हसला. म्हणाला, बसवायचं काम माझं, चालायचं तुमचं. पण चालल्याच नाहीत, तर मी बसवली कशाला?

पाळक: हे मला प्रवचनात...

प्लंबर: कोंबाल पाइपात.

पाळक: ...घेऊ नको म्हणता?

बायको: घ्या. पण आधी एकदा खोलीत येऊन बसा.

प्लंबर: आणि पन्हळ? पन्हळीचं काय मग?

बायको: पन्हळीचं काय? पन्हळ गळत नाही. पावसात आम्ही बायका कोरड्या बसून गातो. एवढं पुरत नाही तुम्हाला?

प्लंबर: मला वाटलं होतं तुझ्या नावावर लागेल.

बायको: माझ्या नावावर दोन खुर्च्या लावायच्या होत्या मला. हॉर्न वाजला बघा. धाकटी आता आत येईल आणि मग बदकांचं खरं नाही.

पाळक: मीही येतो. दवाखान्यात.

बायको: असे?

पाळक: वाटेत घर आहे, पँट चढवतो. बोलायचं मात्र मला खरंच काही सुचणार नाही, आधीच सांगतो.

बायको: उत्तम. धाकटी सगळ्यांचं बोलते. चला. अहो, निथळा जरा, तिची गाडी नवीन आहे.

प्लंबर: साहेब, हौद तसाच राहू दे का? विजार काढली तर रिकामा होईल.

पाळक: राहू दे. रविवारी लागेलच. तुम्ही... तुम्हाला वाटलं तर...

प्लंबर: रविवारी बघू. ही शुद्धीवर आली की हिला विचारतो.

बायको: मला कशाला? नाक तुमचं.

प्लंबर: पिशवी घेतो माझी.

बायको: कसली?

प्लंबर: पान्यांची. काल तुझी खोली बघून आलो ना, तिथल्या बेसिनचा नळ ठिबकतोय. रात्रभर आवाज येत राहील.

बायको: मग?

प्लंबर: काही नाही. पिशवी राहू दे इथेच. खुर्च्या किती आहेत तिथे?